फोड आलेलं काळीज

गणपतआबांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्यासमोर टेबलावर आपटला. "लिवा डॉक्टरीनबाई," ते म्हणाले. "मटनाच्या दुकानामुळं झालं, असं लिवा आन् खाली सही करा. बाकीचं आमी पाहून घेतो."

ग्रामपंचायतीच्या खोलीत वीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. सरपंच खिडकीबाहेर बघत होते. अडचणीच्या वेळी सरपंचांना खिडकीबाहेर बरंच काही दिसतं, हा माझा जुना अनुभव.

मी जनावरांची डॉक्टर. हुद्दा पशुधन विकास अधिकारी, गावाच्या भाषेत ढोरांची डॉक्टरीणबाई. राहायला जालन्यात मस्तगडला आणि दवाखाना परतूर तालुक्यात, त्यामुळे अर्धी नोकरी रस्त्यावरच गेली. हे गाव वाटूरच्या फाट्यावरून आत आहे. नाव सांगत नाही, कारण आबा अजून खुटखुटीत आहेत आणि छापलेलं सगळं वाचतात.

रिपोर्ट आबांच्या सुनेचा होता. वैशाली, वय अठ्ठावीस. चार महिने उजव्या बरगडीखाली दुखत होतं. पित्ताच्या गोळ्या झाल्या, ओवा-सुंठ झालं, शेवटी जालन्याला नेऊन सोनोग्राफी केली. यकृतात मोठ्या मोसंबीएवढा पाण्याचा फोड निघाला. रिपोर्टवर लिहिलं होतं, हायडॅटिड सिस्ट. ऑपरेशन करावं लागणार होतं आणि तेही जपून, कारण असा फोड पोटात फुटला तर जिवावर बेतू शकतं. तिथल्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, "हा रोग जनावरांकडून येतो." तेवढं एक वाक्य एसटीत बसून गावात आलं आणि उतरेपर्यंत त्याचं 'मटणाच्या दुकानामुळे झालं' असं झालं होतं.

गावात मटणाचं दुकान एकच, हमीदभाईंचं. रस्त्याच्या कडेला, हापशापासून वीस पावलांवर. सोमवारी ग्रामसभा होती. दुकान बंद करायचा ठराव आधीच लिहून तयार होता. त्याला फक्त माझा अहवाल जोडायचा होता. मी 'हो' लिहिलं की बावीस वर्षांचं दुकान गेलं.

"आबा, तुमच्या घरी मटण खातात का?" मी विचारलं.

आबांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "तीन पिढ्या माळकरी हाओत आमी. म्हनून तर म्हन्तो, दुकानाचं घान पानी हापशात मुरतं. माश्या येतात. त्याच्यानंच झालं."

"हा रोग पाण्याचे फोड असलेलं मटण खाऊनही होत नाही," मी सांगितलं. "तो कुत्र्याकडून येतो. तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"मोती हाय. पन त्याला कशाला मधी घेता? भाकर आन् दूध, याच्याबिगर त्याला काही ठाव न्हाई. आमचं कुत्रं बी माळकरीच हाय!"

सगळे हसले. मीही हसले, पण वहीत 'मोती' लिहून खाली रेघ ओढली.

आता हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगते. कुत्र्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो. पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा जंत. हा मात्र तांदळाच्या कणीएवढा, डोळ्याला दिसेल न दिसेल असा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवताला लागतात. ते गवत शेळीने खाल्लं की तिच्या यकृतात नाहीतर फुप्फुसात पाण्याचे फोड येतात. शेळी कापल्यावर ते फोड आलेलं कच्चं काळीज, म्हणजे यकृत, कुत्र्याने खाल्लं की त्याच्या पोटात पुन्हा जंत. कुत्रा आणि शेळी असं हे चक्र फिरत राहतं. माणूस त्यात उगाच सापडतो. कुत्रा स्वतःचं अंग चाटतो, अंडी केसांना चिकटतात, आपण त्याला कुरवाळतो आणि त्याच हाताने भाकरी मोडतो. फोड वाढायला वर्षं लागतात. म्हणजे आज दिसतोय त्याचा गुन्हेगार काही वर्षांपूर्वीचा असतो.

संध्याकाळी आमच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, सोमवारच्या आत अहवाल द्या. प्रकरण वाढवू नका."

"कारण सापडलं की देते, सर."

"कारण काय, दुकान आहे ना तिथे?"

"दुकान दोषी असेल तर तसं लिहीन."

"आणि नसेल तर?"

"मग कोण, ते शोधावं लागेल."

"तुम्ही डॉक्टर आहात की पोलीस?" साहेबांनी विचारलं आणि फोन ठेवला.

साहेबांचं फार चुकलं नव्हतं. मी जात्याच संशयी. आणि आमच्या धंद्यात तो स्वभाव वाढीला लागतो. म्हैस पाय झाडत पडलेली असते आणि मालक सांगतो, काही खाल्लं नाही हो हिनं. पोट उघडलं की किलोभर प्लास्टिक निघतं. जनावर बोलत नाही आणि मालक बोलतो ते खरं नसतं, हे मी पहिल्या वर्षातच शिकले. त्यामुळे माझा पहिला संशय हमीदभाईंवरच होता. कच्चं काळीज गावात येणार कुठून? दुकानातूनच.

गुरुवारी बाजार असतो. मी सकाळीच दुकानात गेले. हमीदभाई साठीचे, बारीक अंगाचे, कानात अत्तराचा फाया. मी काही विचारायच्या आत त्यांनी मागचं दार उघडलं.

"मॅडम, बिलकुल पाहून घ्या. खराब कलेजी निघाली का ह्या ड्रममधी. झाकनाला कडी हाय. सांजच्याला खड्ड्यात, वरून चुना."

खड्डा खरंच खोल होता आणि त्यावर फरशी होती. मी काठी घालून पाहिली. मला ते सगळं जरा जास्तच व्यवस्थित वाटलं. तपासणी होणार हे गावभर ठाऊक होतं. एका रात्रीत चुना कुणीही टाकू शकतो.

"कधीपासून करता हे?"

"पाच साल झाले बराबर."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मागं फेकून देत व्हतो. झूट कशाला बोलू? कुत्रे गोळा व्हायला लागले, लोकांनी तक्रार केली, मंग हा खड्डा केला."

माझे कान टवकारले. "आबांचा मोती यायचा?"

"मोती?" ते हसले. "आबा त्याला दुकानाच्या सावलीत बी उभं राहू देत न्हाईत. इकडं वळला का दगड मारून वापस बोलावतात. मपल्या दुकानाचं हाड त्या कुत्र्यानं कधी हुंगलं बी न्हाई."

मी वहीत लिहिलं, 'विश्वास ठेवू नये.' त्या वहीचं ते पान आजही माझ्याकडे आहे आणि ते वाचताना मला स्वतःचीच लाज वाटते.

दुपारी आबांच्या घरी गेले. आबा शेतात होते. सासूबाईंनी चहा ठेवला. मोती ओसरीवर पसरलेला होता, तांबूस, धष्टपुष्ट, डोळे शहाण्या माणसासारखे. वैशालीची चार वर्षांची मुलगी त्याच्या पोटावर डोकं ठेवून खेळत होती. मी मुलीला उचलून हात धुवायला पाठवलं, तर सासूबाईंनी कपाळाला आठी घातली.

"अवो, मोती घरचाच हाय."

"घरचा आहे म्हणूनच," मी म्हटलं.

वैशाली आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. लग्न होऊन आठ वर्षं झालेली. माहेर परतूरचं, तिथे कधी कुत्रा नव्हता. म्हणजे जे काही झालं ते याच घरात. मी मोतीच्या विष्ठेचा नमुना डबीत घेतला. सासूबाई नाकाला पदर लावून आत गेल्या, तशी वैशाली जवळ आली.

"मॅडम, मपल्या पोरीला बी व्हईल का?"

"तिची पण सोनोग्राफी करून घ्या. आधी मला एक सांग, मोती भाकरीशिवाय काय खातो?"

"काहीच न्हाई." मग ती आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "पन आखाडात दोन-तीन दिस तो भाकरीला तोंड लावत न्हाई. मामंजी त्याला शेतात घेऊन जातात. आन् त्या दिवशी मामंजी हिरीवर आंघोळ करून वल्ल्या धोतरानं घरी येतात. मी एकदा इचारलं तर मपल्यावर ओरडले. माझं नाव सांगू नका."

आखाड म्हणजे आषाढ. आमच्याकडे आखाडात गावोगाव देवाला बकरं कापतात. पण माळकऱ्याच्या शेतात? मी वहीतली हमीदभाईंची ओळ खोडली नाही. मात्र तिच्याखाली आणखी एक नाव लिहिलं.

शुक्रवारी डबी लॅबमध्ये नेली आणि मायक्रोस्कोपखाली स्वतः पाहिली. गोल, जाड कवचाची अंडी. पट्टकृमीचीच. या गटातले सगळे जंत अंड्यावरून वेगळे ओळखता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण पिसवांमुळे होणारा जंत वेगळा, त्याची अंडी पुंजक्याने असतात. ही अंडी असलेल्या कुत्र्याने कुठल्या तरी जनावराचं कच्चं मांस किंवा आतडी-काळीज खाल्लेलंच असतं. मोती माळकरी नव्हता.

शनिवारी मी कुणालाही न सांगता गावात गेले. स्कूटी मारुतीच्या पारामागे लावली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. हमीदभाईंनी बकरं कापलं. काळीज हातात घेऊन उजेडात धरलं, बोटाने दाबलं. दोन पांढुरके फोड मला रस्त्यापलीकडून दिसले. त्यांनी ते सबंध काळीज ड्रममध्ये टाकलं, कडी लावली आणि रस्त्याकडे न बघता हाक मारली.

"मॅडम, चहा झाला असंल तर आत या. धुळीत कशाला बसून राह्यल्या?"

मी स्कार्फ काढला. टपरीवाला तोंड फिरवून हसला. हा माणूस खरं बोलतो, म्हणजे मोतीबद्दलही खरंच बोलला असणार. त्या दिवशी हमीदभाईंचं नाव मी यादीतून काढलं आणि थेट आबांच्या शेताकडे निघाले.

शेत गावाच्या खालच्या अंगाला. तूर डोक्याइतकी उंच वाढलेली. बांधावर लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड. त्याच्या पुढ्यात तीन दगडांच्या काळ्या पडलेल्या चुली. एक नाही, चार-पाच. आबा विहिरीवर बसले होते आणि मोती त्यांच्या पायाशी.

"आबा, इथे बकरी कापतात?"

"कापतात. म्हसोबा गावाचा, जागा आमची. आमी खात न्हाई, पन देवाला न्हाई कसं म्हनावं? पानी देतो, सरपन देतो."

"आणि फोड आलेलं काळीज निघालं तर त्याचं काय करतात?"

आबा हातातल्या काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिले.

"मोतीच्या पोटातली अंडी मी पाहिलीत, आबा. भाकरीने ती होत नाहीत."

काठी बाजूला ठेवून ते म्हणाले, "आधी लोक खाऊन टाकायचे. फोडासगट शिजवायचं. मंग तुमी आल्त्या."

"मी?"

"शाळंत कॅम्प घेतल्ता न्हाई का तुमी? मोठ्ठं चित्र लावल्तं फोडाच्या काळजाचं. तुमी म्हन्ल्या, असं काळीज बिलकुल खायचं न्हाई, काढून टाकायचं. सगळ्यांनी ऐकलं. कापलं का आधी काळीज पाहतात. फोड असलं का म्हन्तात, आबा, डॉक्टरीनबाईनं खाऊ नका सांगितलंय. आन् ठिवतात बांधावर."

"मग?"

"मंग काय? टाकायचं म्हंजी कुठं टाकायचं? अन्न हाय. वाया घालू ने. मुक्या जिवाच्या मुखी लागलं तर पुन्यच हाय म्हन्लं. मी खात न्हाई, पन ह्याला का उपाशी मारू? काठीनं ढकलून द्यायचो मोतीच्या म्होरं. त्याच्या आधीचं कुत्रं व्हतं, त्याला बी." त्यांनी माळेला हात लावला. "हात लावला न्हाई कधी. तरी बी हिरीवर आंघोळ केल्याबिगर घरी गेलो न्हाई. ईटाळ नको घराला."

मला तो कॅम्प आठवला. नऊ वर्षं झाली असावीत. तासाभराने दुसऱ्या गावात लसीकरण होतं, म्हणून मी दहा मिनिटांत गुंडाळला होता. चित्र दाखवलं, खाऊ नका म्हटलं, काढून टाका म्हटलं. कुत्र्याचं नाव घेतलंच नाही. पुढच्या वेळी सांगू म्हटलं आणि ती पुढची वेळ आलीच नाही. पूर्वी लोक ते काळीज शिजवून खायचे, तेव्हा फोड निदान चुलीत मरत होते. मी सांगितल्यापासून ते कच्चे कुत्र्याच्या पोटात जायला लागले. एक वर्ष उलटलं नाही तोच वैशाली त्या घरात सून म्हणून आली.

विहिरीच्या काठावर मी आबांच्या शेजारी बसले. चार दिवस मी चोर शोधत हिंडत होते आणि पत्ता माझ्याच घराचा निघाला. मला इतकं वाईट नोकरीत क्वचितच वाटलं असेल.

"मंग मपल्यामुळं झालं का पोरीला?" आबांनी विचारलं.

"तुमच्या हाताने, माझ्या सांगण्यावरून," मी म्हटलं. "आणि हमीदभाईंचा यात काही संबंध नाही."

रविवारी मी अहवाल लिहिला आणि साहेबांना फोनवर वाचून दाखवला. ते चिडले.

"कॅम्पचा मजकूर कशाला घातलात? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस आहे का?"

"तो काढला तर आबा एकटे दोषी दिसतात, सर."

"मग आबांचं नावही काढा. 'कारण अज्ञात' लिहा."

"अज्ञात लिहिलं तर दुकान बंद होतं."

"पाठवा," साहेब शेवटी म्हणाले. "वरून कुणी विचारलं तर तुम्हीच उत्तर द्यायचं."

सोमवारी ग्रामसभेला शाळेच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. हमीदभाई एका टोकाला हात बांधून उभे होते. त्यांनी दुकानाची किल्ली सोबत आणली होती, ठराव झालाच तर तिथेच द्यायला. मी अहवाल वाचला. कॅम्पचा भागही सबंध वाचला. आबांचं नाव मी घेतलं नव्हतं, 'बांधावर ठेवलेलं काळीज कुत्र्याला घातलं गेलं' एवढंच लिहिलं होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "कुनी घातलं? नाव सांगा! का दुकानदाराला वाचवून राह्यल्या?"

मी तोंड उघडण्याआधी आबा उभे राहिले.

"मी घातलं," ते म्हणाले. "दरसाल. तुमीच बांधावर ठिवत होते आन् मी घालत होतो. हमीदनं न्हाई." मग ते चालत हमीदभाईंसमोर गेले. सगळ्यांना वाटलं, हात जोडतील. त्यांनी किल्ली असलेली त्यांची मूठ धरली आणि ती परत त्यांच्याच खिशात घातली. हमीदभाईंनी मान खाली घातली. सरपंचांनी ठरावाचा कागद घडी करून ठेवून दिला.

वैशालीचं ऑपरेशन नीट झालं. फोड न फुटता निघाला आणि पुढे काही महिने गोळ्या चालल्या. मुलीच्या पोटात काही नव्हतं. गावातल्या सगळ्या कुत्र्यांना आम्ही जंताचं औषध दिलं. औषधानंतरची त्यांची विष्ठा गोळा करून जाळायची असते. ते काम करायला कुणी तयार नव्हतं, ते आबांनी फावडं घेऊन एकट्याने केलं. आता आखाडात म्हसोबापुढे हमीदभाईंचा कडीचा ड्रम ठेवलेला असतो.

वरून मला कुणी काही विचारलं नाही. निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसात चहा झाला, भाषणं झाली. साहेब बोलले, सहकारी बोलले आणि प्रत्येकाने आमच्या खात्याची ठरलेली तक्रार केली, की आपण कितीही घसा फोडला तरी खेड्यातले लोक काही ऐकत नाहीत. मी हार गळ्यात घालून गप्प बसले. एक गाव मला असं ठाऊक होतं, जिथे दहा मिनिटांत सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि पुढे नऊ वर्षं न चुकता पाळलं होतं.